सलीमभाईले भेटाचं होतं

गेटवरचं काम सोपं असते, असं मले कोनी सांगू नका, गड्याहो. आमच्या कंपनीचे दोन कारखाने हायेत, अकोल्याले ज्यूसचा अन् अमरावतीले बिस्किटाचा. मी बसतो अकोल्याच्या गेटवर, पन दोन्हीकडच्या पाहुन्याइची नोंद मीच पाहतो. कोनाले भेटाचं ते नाव टॅबवर दाबलं, की त्या मानसाच्या फोनवर निरोप जाते.

मी नवाच होतो तवा हिवरखेडचे नामदेवराव आले. आमाले संत्री देनारे बागवाले. म्हने, "खरेदीच्या सलीमभाईले भेटाचं हाय." मी नाव दाबलं. दोन मिनिटांत फोन आला. आवाज बाईचा होता.

"भाईसाब, इनके फोन पे मैसेज आया. मिलने कौन आया है?"

"हिवरखेडचे नामदेवराव. सलीमभाई कुठं हायेत, भाभी?"

"वो तो गुज़र गए, भाई. बीस दिन हो गए."

समोरून नामदेवराव विचारत होते, "काय म्हनते सलीम? येऊन राहिला ना?"

मी फोन त्याइच्या हातात देला. ऐकता ऐकता ते खाली बसले.

"वैनी, मले कोनी सांगतलंच नाही वो," म्हने. "मी घरी येतो."

ते गेल्यावर मी मेल पाह्यले. सलीमभाईचं नाव काढा, असा मेल अमरावतीच्या हापिसातून कधीचाच आला होता. मीच उघडला नव्हता.

नाव काढाले गेलो, तं टॅबनं कारन विचारलं. दोनच पर्याय होते, 'नोकरी सोडली' नाही तं 'बदली झाली'.

मी बदली दाबलं.