तिसऱ्या पंपावरचा हात

(दोघं फोनवर. सून पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये. सासरे तिसऱ्या पंपाशेजारी, स्टुलावर.)

सून : बाबा, खरं सांगा. तिसरा पंप ऑटोवर आहे ना?

सासरे : ऑटोवरच आहे.

सून : बाबा.

सासरे : अगं, आहे ऑटोवर. वरून फक्त माझा हात आहे.

सून : किती फेरे कमी केलेत?

सासरे : मिनिटाला साठ. म्हातारा झालाय तो, धाप लागते त्याला. वर्षभर तुझ्या प्रोग्रामची तक्रार नाही, मग आजच काय झालं?

सून : कुणीतरी आपल्या नेटवर्कमध्ये घुसलंय. पाचव्या पंपाच्या नावानं खोटे आकडे पाठवतंय. म्हणे, जेमतेम फिरतोय.

सासरे : मग तोड त्याची वायर!

सून : माणूस निघालाय, पोचायला अर्धा तास. तोवर इस्पितळाची टाकी कोरडी पडेल.

सासरे : आणि तुझा प्रोग्राम काय झोपलाय? परवा हातातला घास हातात ठेवून कौतुक चाललं होतं.

सून : चोख चाललाय. सहातला प्रत्येक पंप बाकीच्यांना वेग विचारतो. सगळ्यात मोठा आकडा गाळतो, सगळ्यात लहान गाळतो, उरलेल्यांच्या पावलानं चालतो. एक खोटारडा त्याला सहज पचतो.

सासरे : मग घोडं अडलं कुठं?

सून : दुसऱ्या खोटारड्यावर, म्हणजे तुमच्यावर! रोज सगळ्यात लहान आकडा तुमचा, म्हणून रोज तुम्हीच गाळले जाता. आज ती जागा चोरानं घेतली आणि तुम्ही आत आलात. आता सगळे पंप तुमच्या मागे मंदावतायत.

सासरे : म्हणजे वर्षभर मला कुणी हिशेबात धरतच नव्हतं?

सून : रुसा नंतर, आधी हात काढा! साहेब मागे उभे आहेत, 'तुमचा प्रोग्राम गुंडाळा' म्हणतायत.

सासरे : काढतो, काढतो. ही गाळायची अक्कल कुठल्या पुस्तकातली?

सून : आईंची. भाजी चाखायला देतात ना सगळ्यांना? 'खारट' म्हणणारा गाळायचा, 'अळणी' म्हणणाराही गाळायचा.

सासरे : मी चाळीस वर्षं अळणीच म्हणतोय.

सून : माहितीय. काढलात हात?

सासरे : काढला. ...अगं, धापा टाकत नाहीये हा. गुणगुणतोय लबाड!

सून : थांबा... चोर तर गाळलेलाच आहे. बाकीचे पाच एका पावलात. दाब चढला... टाकीत पाणी पडतंय, बाबा!

सासरे : आणि माझा आकडा?

सून : बरोब्बर मधला.

सासरे : हे घरी तूच सांग. मी सांगितलं तर ती गाळेल.