एकोणिसाव्या पानावरची मूठ

चाची, नसीम, अध्यक्ष सर, आणि कळंबातल्या, आसपासच्या गावांतल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार, सलाम.

बाहेर चपलांना जागा उरली नाही, इतकी माणसं आलीत. माझ्याआधी तिघं बोलले. बशीरभाई किती भले होते, किती सबुरीचे होते, हे त्यांनी सांगितलं. ते मी खाली मान घालून ऐकलं. कारण त्यांच्या सबुरीचा सगळ्यांत जास्त फायदा घेतलेलं माणूस मी आहे. मला जे सांगायचंय ते अवघड आहे. मी मध्येच थांबले, तर थांबू द्या.

घरच्यांनी सांगितलं, फोटो नको, हार नको. म्हणून टेबलावर त्यांच्या वह्या ठेवल्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बशीरभाई बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात कॉमिक्स वाचायचे. उडणारे हिरो, दुसऱ्या ग्रहावरची माणसं, बोलणारी यंत्रं. सोलापूरला, लातूरला गेले की रद्दीवाल्याकडनं गठ्ठे आणायचे. आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं परीक्षण वहीत लिहायचे. तेच मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून या वाचनालयाच्या फळ्यावर लावायचे. शेवटी एका शब्दात निकाल. ‘चालू’, ‘मागं पडतंय’, नाहीतर ‘बंद’.

मी वैशाली. मूळची भूमची. इथल्या शाळेत चित्रकला शिकवते. मनगटी घड्याळाचा सेल बदलायला त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. मला वाटलं घड्याळ बघतायत. ते कॉमिकचं पान बघत होते. मला म्हणाले, हिरो आकाशातनं उतरला, सगळं बरोबर काढलंय, पण खाली धूळच उडाली न्हाय. एवढा गडी उतरला आणि धूळ न्हाय?

तिथनं आमची ओळख झाली. मी चित्रं काढते हे कळल्यावर ते मला कॉमिक्स वाचायला द्यायला लागले. कसं बघायचं तेही शिकवलं. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते ना, तिथं किती वेळ गेला ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, हे मला कुठल्या कला महाविद्यालयात कुणी सांगितलं नव्हतं. मग एक दिवस म्हणाले, बाई, तुम्हीच का काढत न्हाय एक?

मी काढलं. दीड वर्ष लागलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पुस्तक घेतलंय. माझी नायिका ‘गारगोटी’. उल्कापाताच्या रात्री शेतात झोपलेली पोरगी, जिची मूठ दगडावर आपटली की ठिणगी पडते. अठ्ठेचाळीस पानं. याच हॉलमध्ये प्रकाशन झालं, मला शाल मिळाली. भूमहून आई-अण्णा आले होते.

आठवडाभरानं फळ्यावर परीक्षण लागलं. त्यांनी खूप कौतुक केलं होतं. पोरीच्या चेहऱ्याचं, बैलांच्या पायांचं. आणि मग एक ओळ होती. ‘एकोणिसाव्या पानावरची मूठ या पुस्तकातली न्हाय. सगळ्या पानावर उजेड डावीकडनं येतो, एका मुठीवर उजवीकडनं. ते पान परत काढावं.’

बस, एवढंच. चोरी हा शब्द त्यांनी लिहिला नव्हता. पण लोकांना कळायचं ते कळलं.

मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. गाव चिडलं. आपल्या पोरीचं पहिलं पुस्तक, आणि हा माणूस खोट काढतोय. कुणी म्हणालं जळतोय. कुणी म्हणालं, घड्याळवाल्याला चित्रातलं काय कळतं? कुणी त्याहून वाईट बोललं, ते मी इथं चाचींसमोर बोलणार नाही. शाळेत मला मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं, मॅडम, चित्र तुमचंच आहे ना?

मी म्हणाले, “माझंच आहे.”

ते चित्र माझं नव्हतं.

थांबा. मला एक मिनिट द्या.

ती मूठ मला जमत नव्हती. समोरून, वाचणाऱ्याच्या तोंडावर येणारी मूठ. वीस वेळा काढली असेल. छापखान्यात पानं द्यायची तारीख आली. तेव्हा मी एका परदेशी कॉमिकचं पान खिडकीच्या काचेला लावलं, वर माझा कागद ठेवला आणि ती मूठ गिरवली. आणि ते कॉमिक कुणाचं होतं? बशीरभाईंचं. त्यांनीच मला शिकायला दिलेलं. गिरवून झाल्यावर मी ते त्यांना परत नेऊन दिलं. त्या पानावर माझ्या पेन्सिलीचा दाब उमटलेला होता. भिंगाशिवायही दिसत होता.

म्हणजे पुरावा त्यांच्या दुकानात, त्यांच्या ट्रंकेत होता. फळ्यावर आणून लावला असता तर दोन मिनिटांत त्यांची सुटका झाली असती. त्यांनी लावला नाही. वाचनालयानं त्यांचा फळा काढला. दुकानात येणारी काही माणसं यायची बंद झाली. त्यांनी परीक्षण लिहिणं सोडलं. तीन वर्षं. या वह्या बघा, मधे एक वही अर्धी कोरी आहे. ती माझ्यामुळं कोरी आहे.

मी त्या तीन वर्षांत त्यांच्या गल्लीतनं गेले नाही. घड्याळ घालायचं सोडलं. आणि लोक विचारायचे, मॅडम, दुसरा भाग कधी? मी हसायचे. मला काढताच येत नव्हतं. हात बाहीत लपवलेली माणसं काढायचे मी. मूठ काढायची वेळ आली की पेन्सिल खाली ठेवायचे.

या उन्हाळ्यात नसीम बाजारात भेटली. ती काही ओरडली नाही, की तिनं तोंड फिरवलं नाही. म्हणाली, अब्बांच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातनं दोनदा धाराशिवला डायलिसिसला नेतो. आणि मग म्हणाली, ते विचारत होते, गारगोटीचा दुसरा भाग आला का.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवची गाडी धरली. येरमाळ्यापर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, पुढं सगळी विसरले. दवाखान्यात ते पलंगावर होते, एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातात कॉमिक. मला बघून त्यांनी पान दुमडलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काच, खिडकी, त्यांचं पुस्तक, शाळेतलं माझं खोटं. सगळं. शेजारच्या पलंगावरचा माणूसही ऐकत होता, पण मला आता थांबायचं नव्हतं.

त्यांनी हातातलं कॉमिक उशाशी ठेवलं. मला वाटलं आता म्हणतील, जा.

ते म्हणाले, “मग बाई, एकोणिसावं पान परत काढलं का?”

मी रडायच्या बेतात होते, आणि मला हसू आलं. काढलं नव्हतं. त्या माणसाला माफी नको होती. त्याला पान पाहिजे होतं.

पुढच्या खेपेला मी पान घेऊन गेले. त्यांनी नसीमला पिशवीतनं भिंग काढायला सांगितलं. बघून म्हणाले, अंगठा आखूड आहे. मी परत काढलं. मग म्हणाले, अंगठा बरा झाला, पण ही मूठ रागावली न्हाय, नुसती आवळलीय. मग त्यांनीच आपली मूठ मिटून समोर धरली, त्या सुजलेल्या हाताची, आणि म्हणाले, ही काढा. मी तिथंच, स्टुलावर बसून काढली. ती मूठ आता त्या पानावर आहे. उजेड डावीकडनं येतोय.

एकदा मी विचारलंच की तुम्ही ते कॉमिक दाखवलं का नाही. त्यांचं उत्तर मी त्यांच्याच शब्दांत सांगते. “दाखवलं असतं तर तुम्ही कायमच्या बंद पडला असता. एक पान खोटं होतं. बाकीची सत्तेचाळीस लई चांगली होती, बाई. ती कुणी काढली असती?”

आणि मी म्हणाले, मी गावाला सांगू का? तर म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. मी पुस्तकाबद्दल लिहितो, माणसाबद्दल न्हाय.

त्यांनी मला सूट दिली होती. मी ती घेऊ शकले असते. गेल्या पंधरवड्यात ते गेले, आणि हे माहीत असलेल्या आम्ही दोघी-तिघीच उरलो. काल मी बशीरभाईंच्या घरी जाऊन चाचींना विचारलं, उद्या सांगू का? चाची म्हणाल्या, सांग बेटा, मला परत बाजारात ताठ चालायचंय.

म्हणून सांगितलं. बशीरभाई खरं लिहीत होते. खोटं मी बोलले होते.

शोकसभेत असं म्हणावं की नाही मला कळत नाही, पण मला आज हलकं वाटतंय. ते गेल्याचं दुःख आहे, खूप आहे. पण मी वेळेत पोचले. महिना-दीड महिना का होईना, आम्ही परत एका पानावर डोकं घालून बसलो. भांडलो. ते जाताना आमच्यात काही अडकून राहिलं नाही. किती जणांना हे मिळतं?

नसीम सांगते, मी पहिल्यांदा जाऊन आले त्या दिवशी घरी परतताना त्यांनी रस्त्यात गाडी थांबवायला लावली आणि एक नवी वही घेतली. त्यात दोनच परीक्षणं आहेत. अक्षर वाकडं झालंय, पण तोच माणूस आहे. दुसऱ्यात एका परग्रहावरच्या गोष्टीबद्दल लिहिलंय, ‘तिथली माणसं जेवतात काय, हे कुणी काढतच न्हाय.’ अध्यक्ष सर, माझी एक विनंती आहे. तो फळा अडगळीत असेल, तो परत भिंतीवर लावा. या वह्यांतली पानं एकेक करून तिथं लागू द्या. लावायचं काम मी करीन.

आता आपण सगळे उभं राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. जे त्यांना तेव्हा काही बोलले असतील, त्यांनी मनातल्या मनात ते परत घ्यावं. ते बोलणं माझ्या खोट्यामुळं निघालं होतं, त्यामुळं आधी मी घेते.

आणि ही दोन मिनिटं झाल्यावर, ज्यांना मला काही विचारायचंय, सुनावायचंय, त्यांनी जरूर यावं. मी मागच्या दारानं जाणार नाही. इथंच, या टेबलाजवळ उभी आहे.

बशीरभाई, सलाम.