नाव एकीचं, चेहरा दुसरीचा

थोरली : …आणि मी दारात खुर्ची टाकली की तिची खिडकी उघडलीच म्हणून समज. आठ दिवस हा तमाशा चाललाय. मी मतदानाच्या कार्डाची वाट बघते, आणि ती मला वाट बघताना बघते.

पोस्टमन : काकू, त्यांचंही कार्ड यायचं होतं. त्याही वाटच बघत असतील.

थोरली : वाट बघायची तर दारात बसून बघावी माणसानं. फटीतून काय? खाली मुंडी पाताळ धुंडी. माझ्या धाकट्या दिराची बायको आहे म्हणून बोलते. परकी असती तर मी नावं ठेवली नसती.

पोस्टमन : घ्या, आज दोघींचीही आलीत. हे तुमचं. या वहीत सही करा म्हणजे मी सुटलो.

थोरली : आधी बघू दे. बघितल्याशिवाय सही करायला मी काय मेंबर आहे? …अरे, हे काय?

पोस्टमन : काय झालं?

थोरली : हा चेहरा कुणाचा?

पोस्टमन : नाव तर तुमचंच आहे. वय, पत्ता, सगळं तुमचं.

थोरली : नाव मला वाचता येत नाही, पण चेहरा वाचता येतो. ही ती आहे. ती! खिडकीतली!

पोस्टमन : थांबा हं. धाकट्या काकू, जरा या बाहेर. तुमचं पाकीट फोडतो. …हं. इथं नाव तुमचं आणि फोटो यांचा.

धाकटी : बघू. …हो. यांचाच आहे.

थोरली : तिला म्हणावं, नीट धर. माझ्या तोंडावर अंगठा ठेवलाय तिनं.

पोस्टमन : काकू, एक चांगलं झालं. त्या कार्डावर तुम्ही चार वर्षांनी लहान झालात.

थोरली : आणि माझ्या कार्डावर ती चार वर्षांनी म्हातारी झाली. तेवढं एक बरोबर केलं ऑफिसनं. आता घेऊन जा परत, आणि सांग, नीट करून पाठवा.

पोस्टमन : असं परत नाही घेत. सही करा, कार्ड घ्या, आणि दुरुस्तीला जा. मागच्या गल्लीत दोघा भावांचं असंच झालं होतं, म्हणून मला माहीत आहे. शाळेच्या मागच्या खोलीत टेबल मांडलंय. आज पाचपर्यंत. उद्यापासून यादी बंद.

थोरली : आत्ता किती वाजले?

पोस्टमन : साडेतीन.

थोरली : मग जाते मी. त्यात काय.

पोस्टमन : एकटीनं नाही चालत. दोघींनी यायचं. तिथं एक कागद असतो. तुम्ही यांना ओळखायचं, यांनी तुम्हाला. 'हिला मी ओळखते, ही माझी अमुक लागते', असं सांगून सही करायची.

थोरली : मी तिला ओळखत नाही.

पोस्टमन : काकू, मधे एक भिंत आहे फक्त.

थोरली : ती भिंत ओळख नसावी म्हणूनच घातली. दोघा भावांनी एका रविवारी घातली, आमच्या कटकटीला कंटाळून. आणि ते दोघे अजून रोज एका बाकावर बसून चहा पितात, निर्लज्ज. त्यांची कार्डं परवाच आली. चेहरे ज्याचे त्याला.

धाकटी : त्यांना विचारा, नाही गेलं तर काय होईल.

थोरली : मी काय बहिरी आहे? दोन हातांवर तर उभी आहे. नाही गेलं तर काय होईल रे?

पोस्टमन : मतदान केंद्रात यादीवरही हाच फोटो असणार. चेहरा जुळला नाही की परत पाठवतात.

थोरली : आणि मी तिच्या नावाचं कार्ड घेऊन गेले तर? चेहरा तर माझाच आहे.

पोस्टमन : त्याला गुन्हा म्हणतात काकू.

थोरली : शिवाय ती माझ्या नावानं मत देणार. म्हणजे माझं मत तिच्या हातात. त्यापेक्षा गुन्हा परवडला.

पोस्टमन : मग या वेळी राहू द्या. पाच वर्षांनी पुन्हा येईलच निवडणूक.

थोरली : राहू द्या? अरे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी नळ होता. त्या मेंबरनं तो उपटून मेव्हण्याच्या दारात नेऊन बसवला. मी गेले विचारायला. चार माणसांत मला म्हणाला, "काकू, तुमच्या एका मतानं माझं काय वाकडं होणार?" आणि हसला. बाकीचेही हसले. पाच वर्षं मी ते हसू पुरचुंडीत बांधून ठेवलंय. या रविवारी सोडायचंय. मला ते एक मत पाहिजे. पडू दे नाहीतर निवडून येऊ दे, माझं त्याच्याविरुद्ध पडलं पाहिजे.

धाकटी : त्यांना सांगा, पाणी मीही लांबूनच आणते.

थोरली : तिला सांग, कुणी विचारलं नव्हतं.

पोस्टमन : दोघींनी ऐकलंय. मी काही सांगत नाही. माझ्या पिशवीत अजून चाळीस कार्डं आहेत, आणि प्रत्येकाच्या दारात अशीच एक खुर्ची टाकलेली असणार. सही करता का?

थोरली : दुसऱ्याचं तोंड सहीनं ताब्यात घेणार नाही मी. आणि अंगठ्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढं. मला सही येते.

पोस्टमन : कुणी अंगठा म्हणालं का? छान येते तुमची सही. कुठं शिकलात?

थोरली : ते तुला काय करायचंय?

धाकटी : मी शिकवली.

थोरली : विचारलं होतं का तिला? लग्न होऊन आली तेव्हा सातवी पास म्हणून मिरवत होती. सगळ्या घराला शिकवत सुटली होती. मी आपलं तिचं मन राखलं.

पोस्टमन : पण काकू, फोटोची अशी अदलाबदल झालीच कशी? तुम्ही दोघी एकदमच गेला होतात का?

थोरली : एकदम कशाला जाऊ? मी माझी गेले, ती तिची गेली. दिवस एकच होता, त्याला मी काय करू? त्या फोटोवाल्याचं लक्ष नव्हतं. सतरा वेळा फोनवर बोलत होता. डोळे फुटलेत त्याचे, दुसरं काय!

धाकटी : त्यांना विचारा, पहिला नंबर कुणाचा होता.

थोरली : तिचा होता! पहाटे सहाला जाऊन रांगेत उभी. घरात दुसरं काम काय आहे?

पोस्टमन : म्हणजे फोटोवाल्यानं आधी नाव यांचं पुकारलं.

थोरली : पुकारलं असेल.

पोस्टमन : मग या उठल्या.

थोरली : उठली.

पोस्टमन : मग?

थोरली : मग काय मग? मी घरातली थोरली. जेवायला मी आधी, फोटोला मी आधी, गाडीत पुढं मी. थोरली उभी असताना धाकटी बसते का कधी? मी गेले आणि स्टुलावर बसले.

पोस्टमन : नाव त्यांचं, आणि स्टुलावर तुम्ही.

थोरली : तो विचारील ना! "तुम्हीच का त्या?" असं एका शब्दानं विचारलं का त्यानं?

धाकटी : विचारलं होतं.

थोरली : …काय विचारलं होतं?

धाकटी : त्यांना सांगा, त्यानं विचारलं होतं, "तुम्हीच ना?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "मग काय तुझी सासू बसलीय?"

पोस्टमन : हं.

थोरली : हं काय? 'तुम्हीच ना' म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? मी मीच होते! आणि ही? हिला दिसत होतं ना सगळं? आपलं नाव पुकारलंय, स्टुलावर दुसरीच बसलीय. दातखीळ बसली होती? एवढं म्हणायचं, 'अहो, माझा नंबर आहे.' आज माझं मत बुडालं नसतं. चेहरा पाडून उभी राहिली, माझं झाल्यावर माझ्या नावाला गुपचूप जाऊन बसली, फोटो काढून आली. मुद्दाम! विचार तिला, मुद्दाम केलं की नाही!

धाकटी : त्यांना सांगा, त्याच म्हणाल्या होत्या, आयुष्यात पुन्हा माझ्याशी तोंड उघडू नकोस. मी शब्द मोडलेला नाही.

पोस्टमन : किती वर्षं झाली त्याला?

धाकटी : अकरा.

पोस्टमन : मी सात वर्षं या गल्लीत येतो. दोघी का बोलत नाही, हे मला कुणीच सांगितलं नाही. सही होईपर्यंत मला इथंच उभं राहायचंय, तर तेवढं तरी सांगा.

थोरली : सांगते. माझ्या पोटात काही लपलेलं नाही. आमच्या सासूचं एक अंग गेलं होतं. वाचाही गेली. नऊ महिने अंथरुणावर. कूस बदलायची मी, अंघोळ घालायची मी, घाण काढायची मी. हिला कंबरदुखी. शेवटच्या सकाळी पेल्यानं दोन घोट पाणी पाजलं हिनं, आणि म्हातारी गेली. आले-गेले सगळे हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "सून असावी तर अशी. शेवटचं पाणी हिच्या हातचं." ही आपली खाली मान घालून उभी. नऊ महिने एकीकडं आणि दोन घोट एकीकडं. एका शब्दानं म्हणाली नाही, की बायांनो, मी नव्हे, केलं ते तिनं. तिथंच मी सांगितलं, आजपासून तोंड उघडलंस तर बघ.

पोस्टमन : धाकट्या काकू, तुम्ही खरंच काही बोलला नाहीत?

धाकटी : नाही.

पोस्टमन : का?

धाकटी : त्यांना सांगा…

पोस्टमन : हे मी नाही सांगत. हे माझ्या पिशवीतलं नाही. तुमचं तुम्ही सांगा.

धाकटी : …तुम्ही झोपला होतात, जाऊबाई.

थोरली : मी?

धाकटी : पलंगाच्या पायाशी, जमिनीवर. डोकं पलंगाच्या दांडीला टेकलेलं. रात्रभर सासूबाईंची उलघाल चालली होती, पहाटे तुमचा डोळा लागला. हातात ओलं फडकं तसंच होतं. मी दूध घेऊन आले तर सासूबाई जाग्या. मी तुम्हाला हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. तो एकच हात चालायचा ना त्यांचा. ओठांवर बोट ठेवलं आणि तुमच्याकडं दाखवलं. 'झोपू दे तिला.' मग पाण्याची खूण केली. मी पाजलं.

थोरली : हे मला कुणी सांगितलं नाही.

धाकटी : खोलीत जाग्या आम्ही दोघीच होतो. त्या गेल्या.

थोरली : आणि तू?

धाकटी : बायका म्हणायला लागल्या, शेवटचं पाणी हिच्या हातचं. मी काय म्हणणार होते? थोरल्या तिथंच होत्या पण झोपल्या होत्या, असं? ते त्या बायकांनी गावभर केलं असतं. नऊ महिने विसरले असते आणि ती झोप लक्षात ठेवली असती. म्हणून मी मान खाली घातली.



थोरली : पोस्टमन, आण ती वही. कुठं करायची सही?

पोस्टमन : इथं. आणि धाकट्या काकू, तुम्ही त्याच्या खाली.

थोरली : त्या टेबलावर ते नक्की काय विचारतात म्हणालास?

पोस्टमन : ही तुमची कोण लागते, किती वर्षं ओळखता, एवढंच.

थोरली : किती वर्षं म्हणजे ती अकरा धरून की सोडून?

पोस्टमन : धरून सांगा काकू. हिशेबाला सोपं जातं.

थोरली : बरं. जा तू आता, चाळीस जण तुझ्या नावानं खडे फोडत असतील. …आणि तू गं, तू कुठं निघालीस आत?

धाकटी : कुलूप आणते.

थोरली : चष्माही आण. तो कागद वाचायचा तूच आहेस. आणि तिथं विचारतील त्याचं उत्तर मोठ्यानं दे, पुटपुटू नकोस.

धाकटी : बरं.

थोरली : मला हलवून उठवायचं होतंस त्या दिवशी. म्हातारी काहीही खुणावू दे. निदान नंतर तरी सांगायचंस. मी तुला चार शब्द सुनावले असते, तू मला दोन सुनावले असतेस, संध्याकाळपर्यंत संपलं असतं.

धाकटी : हो.

थोरली : बघ, पुन्हा 'हो'! तू वाईट असतीस ना, तर बरं झालं असतं गं. अकरा वर्षं भांडता तरी आलं असतं.