साध्या टाकीतल्या चिठ्ठ्या

बाई : ...आणि तुमचाही उल्लेख आहे मामा, ऐका. ‘सोळा वर्षं टाक्यांची देखभाल एकाच हातानं झाली, त्यामुळे माशांच्या सोळा पिढ्यांच्या नोंदींत कुठंही खंड नाही.’ कसं वाटलं?

मामा : तेवढी ओळ काढा.

बाई : का बरं? चांगली उतरलीय की.

मामा : माझा हात नको त्यात.

बाई : आता लाजताय? निवृत्त होऊन सहा महिने नाही झाले तर एकदम नववधू! बसा, उभे का? त्या खुर्चीवरचे कागद खाली ठेवा. हळू, अहवालाची शेवटची प्रत आहे ती. परवा छापायला जाणार.

मामा : बाई, मी काल मास्तरच्या घरी जाऊन आलो.

बाई : कुठल्या मास्तरच्या?

मामा : आपल्या. तुमचा विद्यार्थी नव्हता का, सगळ्यांच्या बेरजा तपासत बसायचा म्हणून मी मास्तर म्हणायचो... गेला तो. मंगळवारी.

बाई : गेला? अहो, काय बोलताय! वय काय त्याचं?

मामा : चौतीस. काविळीचं निमित्त झालं. अंगावर काढली, म्हणाली त्याची आई. कामावर सुट्टी मिळेना म्हणे.

बाई : कुठं होता कामाला?

मामा : धान्याच्या गोदामात. वजनकाट्यावर.

बाई : वजनकाट्यावर.

मामा : हो. दिवसभर पोती मोजायची आणि लिहायची.

बाई : मला कुणी कळवलं नाही.

मामा : कोण कळवणार, बाई? सात वर्षांत तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत.

बाई : मामा, मी काही त्याला हाकललं नव्हतं. मोजमाप चुकलं त्याचं. मी म्हटलं पुन्हा कर, तर पुन्हा तेच आकडे घेऊन आला. किती दिवस ऐकून घ्यायचं?

मामा : ‘ओला मासा हातात धरता येत नाही आणि निघालाय संशोधन करायला.’ असं म्हणालात तुम्ही. सगळे हसले. मीही हसलो.

बाई : रागाच्या भरात माणूस बोलतो काहीतरी.

मामा : त्याच्या आईनं मला एक विचारलं. म्हणाली, ‘तुम्ही तिथंच होता ना? मग खरं सांगा, माझ्या मुलाचं मोजमाप खरंच चुकलं होतं का?’

बाई : काय सांगितलंत?

मामा : पाणी मागितलं. प्यालो आणि उठून आलो. जीभच रेटेना.

बाई : त्यात जीभ न रेटण्यासारखं काय आहे? चुकलं होतं म्हणायचं. किंवा नव्हतं म्हणायचं, मुलगा गेलाय बिचारीचा... पण तुम्ही असे का बघताय माझ्याकडे?

मामा : चुकलं नव्हतं, बाई.

बाई : तुम्हाला काय कळतं त्यातलं?

मामा : त्यातलं एवढंच कळतं. बाकी काही नाही कळत. तुम्ही मला सुरुवातीला काय शिकवलं होतं ते सांगू? निवडीच्या टाक्यांत दर पिढीला सगळ्यांत मोठे मासे ठेवायचे, त्यांची पिल्लं घ्यायची. आणि एक साधी टाकी. तिथं मोठं-लहान काही बघायचं नाही. प्रत्येक माशाच्या नंबरची चिठ्ठी डब्यात टाकायची, डोळे झाकून साठ चिठ्ठ्या काढायच्या. ज्यांचे नंबर येतील ते आई-बाप. बरोबर?

बाई : बरोबर. ती टाकी होती तशीच राहायला हवी, म्हणजे निवडीचे किती वाढले ते तिच्याशी ताडून बघता येतं. सगळा डोलारा त्या टाकीवर तर उभा आहे.

मामा : आणि ज्यांची चिठ्ठी येणार नाही ते?

बाई : मोठे असतील ते तळ्यावर, लहान ते खाद्याच्या गिरणीत. हे काय परीक्षा घेतल्यासारखं विचारताय?

मामा : गिरणीत कोण न्यायचं?

बाई : तुम्ही.

मामा : मीच. निवडीच्या टाक्यांतलेही मीच. दर साली दोन-अडीच हजार लहान मासे, बाई. बादलीत घातले की तोंडं वर करून बघायचे. मी कधी तक्रार केली नाही. काम म्हणजे काम. पण साध्या टाकीत... तिथं लहान असण्याचा गुन्हा नव्हता ना? तुम्हीच म्हणायचात, इथं कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. मग एकदा मोठ्या माशाची चिठ्ठी आली. मी म्हटलं, ह्याचं काय, हा तळ्यावरही जगेल. ती चिठ्ठी डब्यात परत टाकली आणि दुसरी काढली. ती एका पिटुकल्याची निघाली.

बाई : परत टाकलीत?

मामा : हो.

बाई : एकदा?

मामा : पहिल्या साली पाच-सहा. पुढं पुढं वीस-पंचवीस. शेवटी शेवटी तर डब्यात हात घालायच्या आधीच मला ठाऊक असायचं कोण राहणार ते.

बाई : थांबा. जरा थांबा. म्हणजे सोळा पिढ्या तुम्ही साध्या टाकीत लहानच मासे निवडत आलात?

मामा : निवडत नव्हतो, बाई. वाचवत होतो.

बाई : एकच आहे ते! अहो, एकच आहे ते, मामा! लहानांची पिल्लं लहान. ती टाकी दर पिढीला खाली खाली गेली आणि मी इकडं नाचत बसले, आमचे दुपटीनं वाढले म्हणून! दुपटीनं कुठले... निम्मी वाढ आमची आणि निम्मी त्यांची घट. हेच म्हणत होता तो. माझ्या टेबलापाशी उभा राहून, इथंच, हेच म्हणत होता. ‘बाई, आपले वाढतायत हे खरं, पण साधे घटतायत. ते घटायला नकोत.’

मामा : हो.

बाई : आणि तुम्ही तिथं जाळं धुवत होतात!

मामा : तिथंच होतो. मला काढून टाका, बाई.

बाई : काढू कुठून? निवृत्त झालात तुम्ही! मीच तुम्हाला शाल दिली.

मामा : ती परत घ्या.

बाई : आणि त्याला कारण सापडलं नाही? एवढा हुशार मुलगा. रविवारीसुद्धा येऊन मासे मोजायचा.

मामा : सापडलं होतं.

बाई : म्हणजे?

मामा : एका रविवारी मी डबा घेऊन बसलो होतो. चिठ्ठी परत टाकली आणि वर बघितलं, तर तो दारात. माझ्या शेजारी येऊन बसला. विचारलं, ‘मामा, नोकरीची किती वर्षं राहिली?’ मी म्हटलं, सात. डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलं त्यानं. सोमवारी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर बोललात. मला वाटलं, आता सांगेल. आता सांगेल. नाही सांगितलं.

बाई : आणि तुम्हीही नाही.

मामा : मीही नाही.

बाई : मला एकटीला बसू द्या जरा.

मामा : जातो मी.

बाई : जाऊ नका! बसू द्या म्हटलं, जा नाही म्हटलं... शेळ्यांच्या विभागानं आपली पद्धत उचललीय, ठाऊक आहे? माझे आकडे भिंतीवर लावलेत त्यांनी. दुप्पट, दुप्पट. मला कुणी विचारलं ना, इतकी वाढ कशी, तर मी म्हणायचे, निवड करताना मन घट्ट करावं लागतं. काय ऐट होती माझी! आणि घट्ट मन करून मी कुणाला काढलं, तर त्याला.

मामा : बाई, रडू नका.

बाई : मी रडणार नाही तर कोण रडणार? तुम्ही तो चष्मा द्या इकडं. आणि चपला घाला.

मामा : कुठं जायचं?

बाई : तिनं प्रश्न विचारलाय ना? सात वर्षं झाली, उत्तर नको द्यायला?

मामा : आणि अहवाल?

बाई : राहू दे तिथंच. पंखा बंद करा.

(त्याच दिवशी दुपारी. मास्तरच्या घरी, बाहेरची खोली.)

आई : तुम्ही बाई ना? लगेच ओळखलं. फोटो आहे त्याच्या टेबलावर, सगळे टाकीपाशी उभे. मी म्हणायची, काढून ठेव तो. नाही काढला. बसा. हे कालच आले होते, घाईत गेले.

मामा : हो, वहिनी.

बाई : मी बसत नाही. आधी सांगते, मग तुम्ही म्हणालात तर बसेन. तुमच्या मुलाचं मोजमाप बरोबर होतं.

आई : बरोबर होतं?

बाई : एक न् एक आकडा बरोबर होता. मी ऐकलं नाही. चारचौघांत त्याचा अपमान केला.

आई : मग चूक कुणाची होती?

बाई : माझी.

आई : एवढ्या मोठ्या ठिकाणी एकट्या तुमची?

बाई : माझीच. मी म्हटलं असतं, चल, दोघं मिळून मोजू, तर अर्ध्या तासाचं काम होतं. तसं अहवालात लिहिणार आहे मी, त्याच्या नावासकट. पण त्याआधी तुम्हाला सांगायचं होतं.

आई : त्याला सांगायला हवं होतं. गोदामातनं आला की जेवताना गप्प असायचा. मी विचारायची, काय चुकलं रे तुझं? म्हणायचा, काही नाही आई, मासे निसटायचे हातातून... बसा. मी म्हणतेय, बसा. त्याची वही आणते. मला वाचता येतं, पण आकड्यांचं काही कळत नाही. कळणाऱ्यानं एकदा वाचावी.

बाई : आणा.

आई : ही. पाण्याचे डाग आहेत, जपून.

बाई : ‘रविवार. साधी टाकी. मासा पहिला, एकशे बारा ग्रॅम. मासा दुसरा, अठ्ठ्याण्णव...’ अक्षर बघा कसं. ‘मासा तिसरा, एकशे चार. निसटला, पुन्हा धरला, पुन्हा एकशे चार.’

आई : थांबू नका.

बाई : असं पुष्कळ आहे. चाळीस रविवार आहेत.

आई : मग शेवटचं पान वाचा. तिथं आकडे नाहीत, नुसत्या ओळी आहेत. त्या मी वाचल्या, पण अर्थ लागला नाही.

बाई : ‘साधी टाकी दर पिढीला घटते आहे. वजनं तीनदा तपासली. काटा तपासला. घट खरी आहे.’ आणि खाली... ‘कारण माहीत नाही.’

आई : तेवढंच सापडलं नाही त्याला.

बाई : नाही. तेवढंच...

मामा : माहीत होतं त्याला, वहिनी.