चौथा गिअर

माझं नाव सुमन. माहेर मुरबाडकडचं, सासर हे सोनिवली, बदलापूरला लागून, आता तुमी बघताय तशा इथं इमारतीच इमारती झाल्यात, पण मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या दारात उभं राहिलं की नुसती भातशेती दिसायची. आमच्या ह्यांचा टेम्पो होता, डिझेलचा, इकडची भाजी भरायची आणि पहाटे उल्हासनगरच्या मार्केटला टाकायची, हाच धंदा. मी पण जायची पुढं बसून, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन, मंग पोरगा झाला, सचिन, तर तो पण मांडीवर आणि मेथी पायाशी. म्हणजे डिझेल गाडीचा आवाज मला माहितीय हो, कुठं कुरकुरते, कुठं दमते, सगळं कळतं. फक्त स्टेअरिंग कधी हातात धरलं नाय. धरू नको असं कोणी बोललं पण नाय, ते कोणाच्या डोक्यातच नाय आलं, माझ्या पण नाय आलं.

मंग जमीन बिल्डरला गेली, टेम्पो गेला, आणि ही गाडी आली. सचिन तेव्हा पुण्याला नोकरीला लागलेला, तो बोलला बाबा छोटी पेट्रोल घ्या, तुमी दोघंच माणसं, सात सीटची डिझेल घेऊन काय वरात काढताय का? हे बोलले, आयुष्य डिझेलवर काढलं, आता म्हातारपणी पेट्रोल नाय. संपला विषय. आणि काय सांगू तुमाला, गाडी हाय पण तशीच. आमच्या टेम्पोत बसलं की दाढा हलायच्या, हिच्यात आतमध्ये बसलं तर चालू हाय का बंद तेच कळत नाय. चढावर नुसता पाय टेकवा, अशी उचलते की पाठ सीटला चिकटते. पहिल्या दिवशी एसी लावला तर मला थंडी वाजली, मी पदर घेऊन बसले, हे हसले, बोलले बघ, राणी झालीस.

आणि ह्यांनी तिला जपली म्हणजे किती जपली! माझ्या चांगल्या सुती साड्या फाडून पुसायला घेतल्या, का तर सुतीनं चरे पडत नाय. डिझेल भरायचं तर एकाच पंपावर, दुसरीकडं भेसळ असते बोलायचे. आमच्याकडं उंदीर जाम, वायरी कुरतडतात, तर बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवायचे. खाणारे हे नाय, तंबाखू आणून गाडीला! दसऱ्याला हार घातला तरी लाईटवर फूल येता कामा नये. मी बोलायची, माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर माझे गुडघे नसते गेले. हसायचे नुसते.

मंग ह्यांना झटका आला. अंघोळ करून आले, शर्टाचं बटण लावायला गेले आणि हातच उचलेना. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. दवाखाना झाला, घरी आणले, डॉक्टर बोलले व्यायाम चुकवू नका, सुधारतील. व्यायामाची मॅडम अंबरनाथला. पहिल्यांदा रिक्षानं नेलं. तुमी बघितलंय ना एमआयडीसीची शिफ्ट सुटते तेव्हा काय गर्दी असते, त्यात रिक्षावाला घाई करतो, आणि ह्यांचा पाय काय आत जाईना. दोन अनोळखी माणसांनी उचलून आत टाकलं, पोतं टाकतात तसं. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपले, आणि परत रिक्षाचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायचे. माझा जीव एवढा तुटला ना. आणि दारात ही पांढरीशुभ्र गाडी उभी.

तर मी शिकले. काय करणार होते? बदलापूरला ड्रायव्हिंग स्कूल हाय, तिथं शिकवणारी पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, मला बोलली काकी, क्लच सोडताना एवढे दात ओठ नका खाऊ. गावातल्या बायका हसल्या, हसू दे. लायसन काढलं. ह्यांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी आपली सावकाश ह्यांचा पाय उचलून आत घेतला, पट्टा लावला, कोणी बघायला नाय, कोणी घाई करायला नाय. ह्यांनी समोरच्या काचेवर हात फिरवला आणि रडायलाच लागले. मी पण रडले, मंग डोळे पुसले आणि गाडी बंद पाडली दोनदा. पण अंबरनाथ गाठलं.

आता चूक कुठं झाली ते ऐका. टेम्पोवाल्यांची सवय असते, सकाळी डिझेल गाडी चालू करून उभी ठेवायची, इंजिन गरम होऊ द्यायचं. जुन्या गाड्यांना ते लागायचंच. ह्यांनी सगळा जन्म तेच केलं, मंग हिला पण तेच. स्वतःला जमेना तर मला खुणेनं सांगायचे, चालू कर. मी चालू करायची, हे ओट्यावर खुर्चीत बसून ऐकायचे, डोळे मिटून, कोणी भजन ऐकावं तसं. चहा होईपर्यंत गाडी आपली उभ्या उभ्या घुरघुरतेय. तेवढाच त्यांचा आनंद, मी कशाला बंद करू? आणि मंग मी चालवणार ती कशी, तर दुसऱ्या नाय तर तिसऱ्या गिअरवर. सोनिवली ते अंबरनाथ, खड्डे, रिक्षा, आणि परत घरी. तिसऱ्याच्या पुढं मी कधी गेलेच नाय. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

एक दिवस स्टेअरिंगच्या समोर, काट्यांच्या बाजूला पिवळा दिवा लागला. मंग पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली, पाय दाबला तरी पुढं जाईना, मागं सगळे हॉर्न मारतायत. कशीबशी घरी आणली. सचिनला फोन केला, तो बोलला आई, विकून टाकू. बाबा चालवू शकत नाय, तुला झेपत नाय, मोबाईलवर गाडी बोलवता येते. मी उल्हासनगरच्या एका डीलरला सांगतो, रविवारी येऊन बघून जाईल. पोरगा वाईट नाय हो माझा, काळजीनंच बोलला. पण ह्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून व्यायाम बंद केला. पाय उचला बोललं तर उचलेनात. मला सरळ कळलं, गाडी गेली की हा माणूस खाटेवरनं उठत नाय. गाडी राहिली तरच उठेल. दुसरं काय मला दिसत नव्हतं.

उल्हासनगरला किशनशेठ मेकॅनिक हाय, सिंधी, ह्यांच्या टेम्पोपासूनचा. शनिवारी ह्यांना शेजारी बसवून सरपटत तिकडं नेली. त्यानं यंत्र लावून बघितलं आणि मला बोलला भाभी, गाडी बीमार नाय, ही दौडलीच नाय. बोलला, आताच्या डिझेल गाडीला धुराच्या नळीत एक चाळणी असते, काजळी धरते, आणि गाडी जोरात पळाली, तापली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. तुमी तिला उभ्या उभ्या चालू ठेवताय आणि मंग हळू चालवताय, काजळी नुसती साठतेय. ह्यांची मान खाली गेली. किशनशेठनं ते बघितलं, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बोलला शेठ, तुमचा टेम्पो वेगळा जमाना होता, आपल्याला कोणी सांगितलं नाय.

मंग बोलला, बरेच लोक ती चाळणी आतून पोकळ करून घेतात, कायद्यात बसत नाय, धूर मारते, पण परत दिवा लागत नाय. ह्यांनी डावा हात वर केला. नाय. त्या गाडीचा एक नट कापू देतील तर शपथ! दुसरा उपाय काय, तर यंत्रानं गाडी पळण्यापुरती मोकळी करायची आणि हायवेला नेऊन एका दमात पळवायची. किशनशेठ बोलला माझा माणूस पळवून आणतो, पण भाभी, रोज चालवणार तुमी, तुमी अशीच चालवलीत तर पुढच्या महिन्यात दिवा परत येईल. ते माझ्या मनाला लागलं. मी बोलले, चावी द्या, मीच नेते. काय करायचं तेवढं सांगा. तर बोलला, चौथ्या गिअरला ठेवायची, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोनच्या, म्हणजे दोन हजाराच्या वर राहिला पाहिजे, आणि मध्ये थांबायचं नाय.

कल्याण ओलांडून नाशिक हायवेला लागलो. ट्रक असे बाजूनं जातायत. तिसऱ्यावर गाडी ओरडतेय, मला कळतंय ती ओरडतेय, टेम्पोत बसून बसून कान तयार झालेत माझे, पण हात गिअर टाकायला धजेना. मी बोलले अहो, नाय जमत, मी वळवते परत. आणि माझ्या हातावर वजन पडलं. बघते तर ह्यांचा उजवा हात. जो व्यायामाला उचलत नव्हते तो. गिअरवर माझा हात, त्याच्यावर त्यांचा, ताकद काय नव्हती त्याच्यात, पण मागं ओढत होते, चौथा मागंच असतो. मी क्लच दाबला, दोघांनी मिळून टाकला.

आणि गाडी शांत झाली. ओरडणं बंद, नुसती पळायला लागली, काय पळत होती म्हणून सांगू! काटा दोनच्या वर. पडघा गेलं, जरा वेळानं तापल्यासारखा वास यायला लागला, मी घाबरले, पण हे मान हलवत होते, बरोबर हाय, बरोबर हाय. शहापूरच्या अलीकडं त्यांनी बोट दाखवलं. पिवळा दिवा गेला होता. कधी गेला मला कळलं पण नाय, मी पुढं बघत होते. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाजूच्या ट्रकवाल्यानं बघितलं.

संध्याकाळी सचिनचा फोन, आई, उद्या तो माणूस येतोय, कागदं काढून ठेव. मी काय बोलणार त्याच्याआधी ह्यांनी फोन मागितला. तुमाला सांगते, झटका आल्यापासून हे फोनवर एक शब्द बोलले नव्हते, जीभ वळत नाय म्हणून लाज वाटायची, पोराशी पण नाय. फोन कानाला धरला, बराच वेळ तोंड नुसतं हललं, तिकडून सचिन हॅलो हॅलो करतोय. मंग एकेक शब्द काढला त्यांनी. गाडी विकायची नाय. तुझी आई चालवते. तिकडून पोराचा हुंदकाच ऐकू आला.

आता सकाळी गाडी उभी करून तापवत नाय आमी. रविवारी हायवेला नेतो, हे काट्यावर लक्ष ठेवतात, मी रस्त्यावर. बोलणं पण सुधारलंय, शिव्या तर एकदम स्वच्छ येतात, एखाद्यानं कट मारला की ऐका तुमी. देवानं एवढं दिलं, बास झालं. तुमचं पण भलं होवो, एवढं बसून म्हातारीचं ऐकलंत. आणि रिक्षा कशाला बघताय, बसा, स्टेशनला मी सोडते. फक्त जरा लांबून नेईन हां, जवळच्या रस्त्यानं नेलं तर हे मला ओरडतील.