वालीकंडपुरमची रात्र

या सभेचे, आपल्या मंडळाचेही अध्यक्ष आणि आमच्या भाताच्या गिरणीचे मालक शेषाद्रीराव, पापनाशमहून मुद्दाम आलेले पाहुणे रंगराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मास्तर सेतुमाधवराव, राजवाड्याच्या गल्ल्यांतून आलेली वडीलधारी मंडळी, आयाबाया आणि मास्तरांच्या मराठी वर्गातली मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

मी कराडकडचा. शाळा दुसरीत सोडली, पोटामागं फिरत इथवर आलो, गिरणीत लागलो. एका जागी बूड टेकत नाही असं आई म्हणायची. मास्तरांच्या वर्गात मात्र टेकलं. मराठी मुलखातला माणूस मराठी वाचायला शिकला तंजावरात! याला काय म्हणावं?

पाहुण्यांना कुणी सांगितलं नसेल, अध्यक्ष आणि मास्तर सख्खे भाऊ आहेत. आज मध्ये तुम्ही बसलात, म्हणून एका मंचावर आहेत.

भांडण जमिनीचं नाही, घराचं नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचं आहे. थोरले शिवाजीमहाराज आणि त्यांचे धाकटे सावत्र भाऊ, आपले तंजावरचे एकोजीराजे. बापाच्या दौलतीच्या वाट्यावरून बिनसलं आणि तिकडे वालीकंडपुरमला दोघांच्या फौजा भिडल्या. दिवसा आपल्या राजांची सरशी झाली. जिंकलो म्हणून माणसं निवांत झाली, घोड्यांची खोगिरं उतरली. रात्री महाराजांची फौज उलटून आली, आणि डाव फिरला. मास्तरांनी याचंच नाटक बसवलं. वर्गातली वसुमती एकोजीराजा, काथ्याची मिशी लावून. मी खोगिरं उतरवणारा.

तालमीला अध्यक्ष आले. म्हणाले, "दादा, सूर्य मावळला की पडदा पाडा."

"आणि रात्र?"

"रात्र कशाला? तंजावरात उभे राहून आपलाच राजा हरवता काय?"

"शेषा, रात्र झाली रे. मी कशी पुसू?"

"सरी, बरं तर. मग वर्ग दुसरीकडे भरवा. मंडळाची खोली मिळायची नाही."

वर्ग बंद पडला तो पडलाच. दोघं राहतात एकाच घरात, बोलतात माझ्यामार्फत. समोरासमोर उभे असले तरी! "कराडकर, तुझ्या मास्तरांस सांग, विहिरीचा दोर परत द्यावा." "कराडकर, तुझ्या मालकांस सांग, दोर त्यांच्याच न्हाणीत आहे, चष्मा लावून पाहा म्हणावं." मी मान डोलावतो. सांगायचं काय उरलेलं असतं?

दोघांनीही मला एकट्याला गाठून विचारलं, "तुमच्या देशावर काय सांगतात, कोण जिंकलं?" मंडळी, आमच्या गावात या लढाईचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

मास्तर वर्गात सांगायचे, लढाईनंतर एकोजीराजांच्या राणीसाहेब दीपाबाई मध्ये पडल्या, नवऱ्याला समजावलं, तेव्हा भावांचा तह झाला. आपल्याकडेही अंबाबाई होत्या, अध्यक्षांच्या पत्नी. वर्ग बंद झाला तरी मास्तरांच्या ताटात सांबार त्याच वाढत. "दोघांची डोकी सारखीच, कोणतं आधी फोडू?" म्हणत. हळूहळू जमवलं असतं त्यांनी. मागच्या पोंगलाआधी त्या गेल्या. आता कोण जमवणार? मी खातो अध्यक्षांचं, वाचतो मास्तरांचं. कुणापुढं तोंड उघडू?

मास्तर आज संध्याकाळच्या गाडीनं मुलीकडे, मंगलाताईंकडे नागपूरला चालले. परत यायचं बोलत नाहीत. दोघांची वयं आपण पाहतोच. शाल पाहुण्यांच्या हातून द्यावी असं अध्यक्षांनी ठरवलं, तशी दिली गेली. छान झालं. आणखी काय म्हणू?

रंगरावांनी धुळीतून यायची तसदी घेतली, अध्यक्षांनी सभागृह दिलं, बायकांनी फराळ केला, मुलं इतका वेळ चुळबुळ न करता बसली. सगळ्यांचे उपकार आहेत.

एक राहिलं. स्टेशनापर्यंत घोड्याचा जटका सांगितला आहे. मास्तर आणि त्यांची ट्रंक बसून एका माणसाची जागा उरते. ती माझी होती. मी चालत येईन. जागा रिकामी ठेव, असं जटकेवाल्याला सांगून ठेवलं आहे. तो दारात उभा आहे, अध्यक्षसाहेब. माझ्या हातात एवढंच होतं.

अडाणी माणसाच्या बोलण्यात काही अधिकउणं गेलं असेल तर पोटात घालावं. दोघांनीही.