त्या पुस्तकांत सासू कुठे जाते?

सासू : नीट धर गं. टोक लोळतंय जमिनीवर.

सून : धरलंय हो आई. तुम्हीच ओढताय.

सासू : ओढल्याशिवाय सुरकुत्या जात नाहीत. हां, आता ये माझ्याकडे. दे. तर मी काय विचारत होते? ते तळ्याकाठच्या गावाचं पुस्तक आणलं होतंस, त्यातली बाई कोण होती?

सून : कोण म्हणजे? बेकरी होती ना तिची.

सासू : बेकरी झाली पोटापाण्याची. घरी कोण होती?

सून : नवरा गेला होता तिचा.

सासू : बरं. आणि दीपगृहापाशी फुलांचं दुकान चालवायची ती?

सून : तिचाही... आई, पुढची चादर घ्यायची का?

सासू : चादरी कुठे पळून जात नाहीत. ती शाळेतली बाई, घाटात गाडी बंद पडते ती? तिचा नवरा गेलेला. गोधड्या शिवणारी होती, तिचाही गेलेला. आणि आता हे पाचवं माझ्या उशाशी पडलंय. एवढ्यात पाच पुस्तकं आणलीस, पाचही विधवांची. वाचनालयातल्या बाकीच्या बायका संपल्या का गं?

सून : तुम्हीच म्हणाला होतात, साधी सरळ, गोड शेवटाची आणत जा म्हणून.

सासू : गोड शेवटाची म्हणाले होते. विधवांची म्हणाले नव्हते.

सून : योगायोग असेल.

सासू : पाच वेळा होतो त्याला योगायोग नाही म्हणत, कारस्थान म्हणतात. माझे गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. कोण आहे तो?

सून : कोण तो?

सासू : पुस्तकात असतो तो. कधी सुतार असतो, कधी गुराढोरांचा डॉक्टर. आपला काय आहे? बघ, चादर उलटी धरलीस. म्हणजे आहे.

सून : लिफ्ट दुरुस्त करतो.

सासू : काय?

सून : लिफ्ट. आमचा दवाखाना आहे ना, त्या इमारतीतली. लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहे.

सासू : अगं बाई! एवढी पुस्तकं वाचली, लिफ्टवाला म्हणून कुठे भेटला नाही.

सून : त्या गावांत सगळी बैठी घरं असतात आई. लिफ्ट लागते कुणाला?

सासू : हसवू नकोस मला, मी रागावलेय. म्हणजे लिफ्टमध्ये अडकलात वाटतं दोघं?

सून : छे हो! लिफ्ट बंद पडली होती. आठवडाभर मी पाच मजले चढून जात होते, आणि दाढ धरून वर आलेला प्रत्येक पेशंट माझ्यावर खेकसत होता. जसं काही दात काढता काढता लिफ्टही मीच बंद पाडली! शेवटी मी त्याला खाली गाठलं आणि वाट्टेल ते बोलले.

सासू : आणि तो?

सून : ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, पार्ट यायला अजून दोन दिवस लागतील, तोवर तुमची पिशवी मी वर पोचवत जाईन.

सासू : हे मात्र अगदी पुस्तकातलं झालं.

सून : कसलं पुस्तकातलं! तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसला. मलाच पाणी द्यावं लागलं.

सासू : लिफ्टवाल्याला जिन्याची सवय कशी असणार म्हणा. वय काय त्याचं?

सून : माझ्याहून थोडा मोठा आहे. लग्न झालं होतं. मोडलं, त्यालाही खूप वर्षं झाली. मूलबाळ नाही.

सासू : तिकडे नाही, इकडेही नाही. घे ती निळी चादर. शिवण वर येऊ दे.

सून : तुम्ही खरंच रागावलात?

सासू : रागावले म्हटलं ना एकदा. पण लग्न करतेस म्हणून नाही रागावले. अशी मागच्या दाराने आलीस म्हणून रागावले. लहान मुलाला साखरेत घालून गोळी देतात, तशी तू मला पुस्तकं देत बसलीस. कधी मऊ होतेय म्हातारी, बघत.

सून : समोर बसून कशी सांगणार होते? तोंड उघडलं की तुमच्या मागे भिंतीवर तुमच्या लेकाचा फोटो दिसतो. चार वर्षं झाली, तरी अजून मला त्या फोटोला आधी सांगावंसं वाटतं.

सासू : सांगितलंस?

सून : सांगितलं एकदा. तुम्ही अंघोळीला गेला होतात.

सासू : काय म्हणाला माझा लेक?

सून : काय म्हणणार?

सासू : तेच तर. या पुस्तकांतले गेलेले नवरे किती शहाणे असतात! जाताना पत्र लिहून ठेवतात, तू सुखी हो, तू पुन्हा हस. बरोबर शेवटच्या दोन प्रकरणांच्या आधी ते पत्र कपाटात सापडतं. माझ्या मुलाने जाताना काय लिहून ठेवलं? फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी, दूध घे म्हणून. तिशी पस्तिशीतला माणूस, सकाळी कामावर जातो, दुपारी फोन येतो. त्याला काय माहीत असणार?

सून : आई, बसा तुम्ही. मी घालते घड्या.

सासू : एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीला येत नाही घालता. धर. मला ही पुस्तकं का आवडायला लागली, माहीत आहे तुला?

सून : मन रमतं म्हणून.

सासू : त्यांत कुणी मरत नाही म्हणून. जो मेलेला असतो तो पहिल्या पानाच्या आधीच मेलेला असतो. आपल्यासमोर कुणी जात नाही. पान उलटताना छातीत धस्स होत नाही. आपला मात्र मधल्या पानावर गेला गं. गोष्ट चालू असताना.

सून : मला वाटायचं, तुम्हाला हसू येतं त्या पुस्तकांचं.

सासू : येतं की. हसूही येतं आणि बरंही वाटतं. पण एक सांग. ही पुस्तकं मी नीट वाचली, शब्द न् शब्द. एकीला खट्याळ आजी आहे. एकीला मैत्रीण आहे, सारखा चहा करणारी. त्या गोधडीवालीला तर कुत्रा आहे. कुत्र्यालासुद्धा शेवटच्या पानावर जागा आहे, दोघांच्या पायाशी झोपतो. मग त्या गेलेल्या नवऱ्यांना आया नव्हत्या का गं? ते काय झाडाला लागले होते?

सून : आई...

सासू : नाही, मला खरंच विचारायचंय. ती बाई उठते, नवीन माणसाचा हात धरते, बेकरीला नवा रंग देते. चांगलं आहे. मला आनंदच होतो. पण मग सासू कुठे जाते?

सून : असं नका बोलू.

सासू : पहिल्या पुस्तकात वाटलं, लिहिणारीकडून राहून गेलं असेल. दुसऱ्यात मी शोधायला लागले. एखादा फोन येईल, सणावाराला नाही तर नाही, आजारी पडल्यावर तरी कुणी भेटायला येईल. कुठे काही नाही. म्हणून हे पाचवं मी शेवटच्या प्रकरणापाशी ठेवून दिलं. लग्न होणार हे ठाऊक आहे मला. पण इथवर जी आली नाही ती आता काय येणार? ते बघायची हिंमत होईना.

(सून हातातलं चादरीचं टोक सोडून खाली पलंगावर बसते.)

सासू : बसलीस काय? मी तुला अडवत नाहीये. मूल असतं तुम्हाला, तर त्याच्या निमित्ताने तरी ये-जा राहिली असती. आता आपल्यामध्ये आहे काय? तू माझ्या मुलाची बायको होतीस, म्हणून मी तुझी सासू. उद्या तू दुसऱ्याची बायको झालीस की मी कोण? माजी आमदार असतो, तशी माजी सासू?

सून : मला नका हसवू आता.

सासू : तू भेटायला आलीस की कुणी विचारेल, ही कोण? मी काय सांगू? ही माझी सून होती? होती म्हणायला ती काय मेली आहे?

सून : तुम्ही चला ना आमच्याबरोबर. मी बोलले आहे त्याच्याशी. तो कधीही तयार आहे.

सासू : मी कपाट आहे का, उचललं आणि तिकडे नेऊन ठेवलं? मी या घरातून हलायची नाही. माझा ओटा माझ्या उंचीचा करून घेतलाय मी. आणि तुमच्या नव्या संसारात मधे लुडबुड करायला मला लाज वाटेल. ते काही नाही. परवानगी हवी असेल तर दिली. झालं?

सून : मी परवानगी मागत नाहीये आई.

सासू : मग काय मागतेस?

सून : तुम्ही मागताय तेच. चार वर्षं मी या घरात का राहिले असं वाटतं तुम्हाला? माझी आई दर महिन्याला म्हणत होती, ये इकडे निघून. त्याच्यासाठी राहिले का? तो तर नव्हताच. रात्री मी जेवायला बसले की तुम्ही समोर बसून दिवसभर वाचलेली गोष्ट सांगायचात. त्या गोष्टीसाठी मी घरी यायचे. मला तुम्ही हव्या आहात. कुठल्या नात्याने ते मलाही सांगता येत नाही.

सासू : एवढी मोठी झालीस, नाक पदराला नको पुसू. हा घे रुमाल.

सून : आणि दुसरं, तुम्ही आमच्या मधे आधीपासूनच आहात.

सासू : ते कसं काय?

सून : पहिल्या दिवशी पिशवी वर नेताना त्याला त्यात पुस्तक दिसलं. मला म्हणाला, ही असली तुम्ही वाचता? मी म्हटलं, मी नाही, आमच्या आई वाचतात आणि मला सांगतात. मग डबा खाताना तुम्ही सांगितलेली गोष्ट मी त्याला सांगायला लागले. तुम्ही म्हणालात ना, ती बेकरीवाली पहाटे चारला उठते, मग मध्यरात्री चांदणं बघायला जागी कशी राहते?

सासू : बरोबरच आहे माझं. कणीक मळतामळता झोप लागेल तिला.

सून : ते ऐकून त्याला ठसका लागला. पाठ थोपटावी लागली. आणि त्या फुलवालीच्या दुकानात अख्ख्या पुस्तकात एकच गिऱ्हाईक येतं, तेही तिच्या प्रेमात पडलेलं, असं म्हणालात तुम्ही, तेव्हापासून तो कुठलंही रिकामं दुकान दिसलं की म्हणतो, इथे लवकरच लग्न आहे.

सासू : म्हणजे माझ्यावर हसता होय दोघं जेवताना?

सून : तुमच्याबरोबर हसतो. आम्हाला दुसरं बोलायला सुचतच नव्हतं सुरुवातीला. लिफ्ट आणि दाढा, किती बोलणार? तो रोज डबा उघडायच्या आधी विचारतो, आई काय म्हणाल्या?

सासू : कुणाची आई?

सून : तुम्ही.

सासू : मला न बघता?

सून : मी तुम्हाला आई म्हणते, तेच ऐकून तोही म्हणायला लागला. मी दुरुस्त नाही केलं.

सासू : हं. आणि या पाचव्याचं काय सांगितलंस त्याला?

सून : काही नाही. तुम्ही सांगायचंच थांबवलंत. आठवडा झाला, मी रोज म्हणते, आईंनी अजून शेवट वाचला नाही. काल तो म्हणाला, इतके दिवस त्या थांबायच्या नाहीत. त्यांना कळलंय सगळं. आज घरी जाऊन सरळ सांगून टाक. मला काल धीर झाला नाही. आज चादरी काढल्या दोरीवरून, आणि तुम्हीच सुरुवात केलीत.

सासू : लिफ्टवाला शहाणा दिसतोय.

सून : आहे थोडा.

सासू : जिने चढायची सवय लावून घे म्हणावं. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि या इमारतीला लिफ्ट नाही.

सून : म्हणजे?

सासू : म्हणजे काय म्हणजे? येत्या रविवारी बोलाव त्याला. मला बघू दे. आवडेलच असं काही सांगत नाही. त्याला आधी फोटोसमोर उभा करणार आहे मी, मग खुर्ची देणार.

सून : चालेल. करा.

सासू : आणि ते शेवटचं प्रकरण मी दोघांना एकदमच वाचून दाखवीन. मी तुला सांगायचं, तू त्याला सांगायचं, मधे निम्मं गळून जातं. पुस्तक दोन दिवस उशिरा गेलं तर वाचनालय काही बुडत नाही. रडतेस काय आता? ती चादर बाजूला कर, आत्ताच वाळलीये.

सून : आई.

सासू : काय?

सून : आणि त्या प्रकरणातही सासू आली नाही तर?

सासू : वाचणार कोण आहे? मी ना? मग येईल की. धर ते टोक.